आपल्या कॉलेजची फी

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कांदा निवडणं. कांद्याच्या चाळीत समोरासमोर बसलो होतो, मधे ढीग. ती चांगला कांदा उजवीकडं टाकायची, मी सडका मागं फेकायचो. पावसाळी हवेनं चाळीत वास सुटला होता. मी फेकलेले कांदे ती उठून परत आणायची.

"आवो, एकच पाकळी गेलीया ह्याची. कापून भाजीला हुतोय."

"सगळी चाळ सडवील तो."

"तुमाला सगळंच सडकं दिसतंय."

असं आमचं चालायचं. पन्नास वर्षं चाललं. त्या दिवशी तिनं मधेच नातीच्या फीचा विषय काढला. नात आमच्यापाशी राहते, बी. फार्मसीला आहे, दुसऱ्या वर्षात गेली. कॉलेजातून तिच्या मोबाईलवर निरोप आला होता की महिनाअखेरपर्यंत फी भरा. गेल्या वर्षीपेक्षा वाढलेली, लाखाला टेकलेली.

मी म्हणलं, "तिच्या बापाला सांग."

"त्याला काय सांगू? कंपनीत सहा महिन्याला ब्रेक देत्यात त्याला."

"मग सरकारनं भरावी. टीव्हीवर तर सांगत्यात, पोरींना शिक्षान फुकट."

"सरकार काय चाळीत बसलंय व्हय?"

"जबाबदारी त्यांची हाय. आपली न्हाई."

"कुणाची ती मागनं ठरवा. तारीख आपल्यावर हाय," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. "धारंचं टाईम झालं. तेवढा गोल्टीचा ढीग उरका."

गोल्टी म्हणजे बारका कांदा. तो मी उरकला. तेवढ्यात म्हैस ओरडायला लागली. मी बसल्या जागेवरून हाक मारली, "आगं, ती का वरडतीया?" उत्तर नाही. म्हैस परत ओरडली. तेव्हा उठून गोठ्यात गेलो. ती गव्हाणीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. पुढ्यात रिकामी बादली. म्हशीला पेंड टाकून झाली होती, धार काढायची राहिली होती. मी म्हणलं, "ऊठ, झोपायची ही जागा हाय का?"

डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं. ते मलाही दिसत होतं.

मी चौथी शिकलो. ती शाळेतच गेली नाही. तरी कॉलेजवर तिचा जेवढा जीव होता, तेवढा कॉलेजात पगार घेणाऱ्यांचाही नसेल. त्याचं कारण सांगतो.

आमच्या भागात साखर कारखाना आहे. पूर्वी आमचा एकरभर ऊस जायचा. बिल यायचं त्यात टनामागं कपात असायची, आणि त्या कपातीतून कॉलेज उभं राहणार असं सभेत ठरलं होतं. मला राग यायचा. उसाला पाणी मी धरायचं, पाचट मी काढायचं, आणि कापायला हे. ती म्हणायची, "कापू द्या. लेकरं शिकतील." आमचं लेकरू काही शिकलं नाही. मुलगा दहावीला बसला, गणितात गेला, आणि नगरला एमआयडीसीत कामाला लागला. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणायचं, पण यष्टीत बसलं की माझ्या तोंडातून नगरच निघतं.

पाया खोदला तेव्हा गावोगावच्या लोकांना श्रमदानाला बोलावलं होतं. आमच्या वावराच्या बांधाला दगड पुष्कळ. आम्ही बैलगाडीभर दगड नेला. मी बैल धरले आणि तिनं दगड उतरवले. एका दगडानं तिच्या पायाचा अंगठा ठेचला, नख कायमचं काळं झालं. तेव्हापासून यष्टी कॉलेजवरून गेली की शेजारी बसलेल्या बाईला ती सांगायची, "ह्या भितीत आमचा दगड हाय." कोणत्या भिंतीत ते तिला माहीत नव्हतं. सगळ्याच भिंती तिच्या.

नात बारावी झाली तेव्हा पोरीनं आम्हाला समजावून सांगितलं होतं. म्हणाली, "आजी, मोबाईलवर अर्ज भरायचा, मग सरकारी यादी लागती. पहिला राउंड, दुसरा राउंड. नंबर लागंल तिथं जायचं."

"लांब लागला तर?"

"लांब जायचं."

"आगं, आपलं कॉलेज हाय. आपल्याच घरी जेवायला बसायचं तर चिठ्ठ्या कशाला टाकायच्या?"

मलाही ते पटलं. माझ्या डोक्यात तर टनामागची कपातच बसलेली होती. वाटलं, इतकी वर्षं दिलं, एक जागा मागितली तर काय बिघडलं. शेजारची गाय नुकतीच व्याली होती. तिचा चीक मागून आणून बायकोनं खरवस केला, वेलची घालून, आणि डबा घेऊन पोरीसोबत कॉलेजच्या ऑफिसात गेली. तिथल्या क्लार्कनं खरवस खाल्ला. चांगला माणूस होता. म्हणाला, "आजी, यादीची वाट बघायची नसंल तर संस्थेच्या वाट्याच्या जागा असत्यात. आत्ता फी भरा, आत्ता सीट घ्या." आम्ही भरली. दुधाचे साठलेले पैसे घातले, मुलानं कंपनीतून उचल घेतली. ती घरी आली ती लढाई जिंकल्यासारखी. गल्लीत साखर वाटली.

पुढं कळलं. सरकारची माफी यादीतून आलेल्या पोरींना. संस्थेच्या वाट्यातून आलेल्यांना नाही. आमच्या नातीच्या बाकावर शेजारी बसणारी पोर लांबून कुठून तरी आलेली, यादीतून लागलेली, तिला शिकायची फी माफ. आणि जिच्या आजीचा दगड भिंतीत, तिला पुरती फी. एकदा जागा घेतली की बदलता येत नाही असंही कळलं.

ती रडली वगैरे नाही. चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "मग माझा खरवस बी वायाच गेला."

पोर तिला त्यावरून एकदाही टोचून बोलली नाही. मी बोललो असतो, पण मीच तर डबा धरून यष्टीपर्यंत गेलो होतो.

दुधाचे पैसे तिचे. असंच होतं आमच्यात. शेताचं मी बघायचं, म्हशीचं ती. लग्नाआधी मी धार काढायचो, लग्नानंतर हात लावला नाही. दूध डेअरीला जायचं आणि त्यातून पोरीचा बसचा पास, पुस्तकं, पांढरा कोट, सगळं चालायचं. फी बाजूला पडत जायची. त्यामुळं ती गेली तेव्हा रडणाऱ्यांत कोणी बोललं नाही, पण घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच होतं. पोरीचं आता काय?

दुसऱ्याच दिवसापासून म्हशीनं पान्हा चोरला. शेजारची भावजय रोज यायची, पाय बांधायची, चुचकारायची. म्हैस अंग आखडून उभी. लाथ मारायची. पारडाला पाजून घेतलं तरी तेवढ्यापुरतं सोडायची, माणूस बसला की बंद. बादलीत चहापुरतं दूध. भावजय म्हणाली, "भावजी, आशानं आटून जाईल ही. तिला मालकीन पायजे."

"मालकीन कुठून आनू?"

गोठ्यातल्या खुंटीला तिचं जुनं पातळ होतं. धार काढताना ती ते अंगावरून गुंडाळून घ्यायची, नेसलेलं खराब व्हायला नको म्हणून. त्या दिवशी घ्यायचं राहून गेलं होतं. भावजयीनं तिकडं बोट केलं. "ते पांघरून बसा. तिचा वास हाय त्याला. म्हैस फसती. माझ्या माहेरी माझ्या चुलत्यानं आसंच केलं हुतं."

"मी काय सोंगाड्या हाय का?"

"मग पोरीला बसवा."

पोर पुढं झाली, पण तिला सातची गाडी, आणि तिच्या बोटांत जोर नाही. एकदा बसली तर लाथ खाऊन उठली. मी विषय बंद केला. म्हणलं, बाईमाणसाचं पातळ घालून गोठ्यात बसायचं वय नाही माझं.

घराचं सांगायचं तर, माणसं यायची तोवर ठीक होतं. माणसं गेली की घरात भांडायला कोणी नव्हतं. मी म्हणलं, भाजी खारट झालीय, तर पोर म्हणते, "सॉरी आबा." सॉरीला काय उत्तर द्यायचं? ती असती तर म्हणाली असती, "मग ताटात पानी वता." पोर बिचारी गप करून टाकते माणसाला. जेवण झालं की ती तिच्या पुस्तकात. मी ओट्यावर. बायकोचा मोबाईल वाजायचा. पेंडवाला, डेअरीवाला, तिच्या माहेरची माणसं. सगळी गावं तिला फोन करत होती हे मला ती गेल्यावर कळलं. मला कधी कोणाचा फोन येत नाही. मी उचलून सांगायचो, "ती न्हाई." समोरचा म्हणायचा, "कधी येतील?" काहींना सांगितलं, काहींना म्हणलं, माहीत न्हाई.

दहाव्याला नदीवर मांडव घातला. तिचा मोठा फोटो लावला. चांगला फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा मोठा केला. त्यात ती कोणावर तरी चिडल्यासारखी दिसत होती, म्हणून तो मला बरा वाटला. प्रवचन झालं, श्रद्धांजल्या सुरू झाल्या. संस्थेचे एक संचालक आले होते. आमच्याकडं दहाव्याला असे लोक येतात, माइक हातात घेतात. ते म्हणाले, "या माउलीनं आपल्या कॉलेजच्या पायाला स्वतःच्या डोक्यावरून दगड वाहिला. अशा माउल्यांमुळं आज ही इमारत उभी आहे." लोकांनी माना डोलावल्या. मी डोकं भादरून पुढं बसलो होतो. दगड गाडीतून नेला होता, डोक्यावरून नाही. पण त्यांना कुणीतरी सांगितलं तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं, हेही काही कमी नाही.

मग पिंड मांडले आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे होते. बाभळीवर बसले होते, खाली येत नव्हते. आमच्यात समजूत अशी की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग एकेक जण पुढं होऊन इच्छा बोलून दाखवतो आणि शब्द देतो.

मुलगा मला दादा म्हणतो. तो हात जोडून म्हणाला, "आई, दादांची काळजी करू नको. मी संबाळतो."

कावळा हलला नाही.

तिचा भाऊ म्हणाला, "आक्का, तुझ्या नातीचं लगीन थाटात करू. मांडवात कमी पडू देनार न्हाई."

एक कावळा जवळच्या फांदीवर आला. लोक म्हणाले, "हां, हां, आला." तो परत गेला.

कोणी म्हणालं, म्हैस विकणार नाही म्हणा. कोणी म्हणालं, तिला काशीला जायचं होतं का? उन्हं चढली. भटजी घड्याळ बघायला लागले. मला राहवलं नाही.

"ती लग्नाचं बोललीच न्हाई," मी म्हणलं. "काशीचं बी न्हाई. कांदा निवडत बसलो हुतो तवा पोरीच्या फीचं बोलली. फी कोन भरनार ते म्हना, म्हंजे येईल कावळा."

मुलगा खाली वाळूकडं बघायला लागला. मेव्हणा मुलाकडं बघत होता. संचालकांनी खिशातून मोबाईल काढला, परत ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, दहाव्यात आसं न्हाई काढायचं."

"मग कवा काढायचं? दहावाच तिचा हाय."

संचालक जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, तुम्ही ऑफिसला या. बघू आपण काहीतरी."

मी बाभळीकडं बघितलं. "बघू" वर कावळा येईना.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला. गवताच्या काड्या वळून चोच काढली आणि तो पिंडाला लावला. म्हणाले, "झालं, शिवला." लोकांनी चपला शोधल्या. चहा वाटला.

दोन दिवसांनी मी पोरीबरोबर सातच्या गाडीनं कॉलेजला गेलो. ऑफिसात तोच क्लार्क. मला बघून उठून उभा राहिला. "आजींचं कळलं. खरवस लई चांगला झाला हुता हो त्यांचा." मी म्हणलं, "त्याच्यामुळंच आलो." तो ओशाळला. मी त्याला म्हणलं, तुजी चूक न्हाई, तू सीट दिलीस ती आमी मागितली म्हणून.

मग त्यानं मला समजावलं. कारखाना वेगळा, संस्था वेगळी, कॉलेज वेगळं. कपात कारखान्यानं केली होती, कॉलेजचा त्याच्याशी आता संबंध नाही. मी विचारलं, "आन् आमी दगड कुनाला दिला?"

"आबा, मी तवा जन्मलो बी नव्हतो."

आत मोठ्या साहेबांनाही भेटलो. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, मास्तरांचे पगार आहेत, प्रयोगाची औषधं आहेत, तपासणीला माणसं येतात. ज्या पोरींची फी माफ आहे त्यांचे सरकारकडून यायचे पैसेही वेळेवर येत नाहीत. "आम्ही फी कमी केली तर चालवायचं कसं, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार. मला एकरभर उसाचा हिशेब येतो. त्यांनी संचालकांना फोन लावला. त्यावर ठरलं की फी तीन हप्त्यांत घ्यायची, पहिला महिनाअखेरीला. कमी एक रुपयाही नाही.

बाहेर आलो आणि गाडीला वेळ होता म्हणून भिंतीकडं बघत उभा राहिलो. भिंतीला प्लास्टर आहे, वर गुलाबी रंग. दगड कुठंच दिसत नाही.

मला तिथं उभं राहून हेच कळेना की चिडायचं कोणावर. क्लार्क खरं बोलतोय. साहेब खरं बोलतोय. मुलगा म्हणतो सरकारनं द्यावी, तेही खरं. आमच्या काळी पोरं मास्तर झाली, कंपाउंडर झाली, त्यांच्या बापांनी म्हशी विकल्या नाहीत. फी होती, पण माणसाच्या आवाक्यातली होती. कॉलेज आपलं म्हणून सगळ्यांनी बांधलं आणि फी मात्र ज्याची त्याची झाली. हे कधी झालं ते मला कळलं नाही. कपात होत होती तोवर बिलावर दिसत तरी होतं.

रविवारी मुलगा आणि सून नगरहून आले. सून चांगली आहे, भाकरी टाकता टाकता बोलायला लागली. "दादा, पोर तरनी हाय. घरात बाईमानूस न्हाई. तिला आमी घिऊन जातो. तिथं मेडिकलच्या दुकानात कामाला घेत्यात, बारावीवर बी."

"आन् कॉलेज?"

मुलगा म्हणाला, "म्हैस आटायलाच आलीय. आत्ता इकली तर पैसं येतील. मी दलालाला उद्या दहाला बोलावलंय."

"त्यातून पहिला हप्ता भरशील. दुसरा?"

"तवर बगू."

"तू बी संचालक झालास काय?"

तो चिडला. "मला कळत न्हाई का दादा? बाप मी हाय. जबाबदारी माझी हाय. पन आनायचं कुठून? ब्रेक दिला की दोन-दोन महिनं घरी बसतो मी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातांवर कंपनीतल्या गरम तेलाचे डाग आहेत. आणि एक गोष्ट मी त्यांच्यासमोर बोललो नाही, इथं लिहितो. पोर गेली तर मी त्या घरात एकटा. माझं सगळं भांडण फीसाठीच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पोर दारात उभी होती. म्हणाली, "आबा, मी जाते नगरला. तुमाला तरास नको."

"तू गप. तुला कोनी इचारलं न्हाई."

"न्हाईच इचारत कोनी," पोर म्हणाली. "आजीनं बी न्हाई इचारलं. खरवस घिऊन गेली थेट." तिचा आवाज चढला. "मला यादीतच थांबायचं हुतं. पन ती एवढी नटून आली हुती यष्टीला, नवं पातळ नेसून. मला न्हाई म्हनता आलं न्हाई."

भाकरी तव्यावर करपली.

मी पोरीला विचारलं, "आता इचारतो. शिकायचंय का?"

"व्हय."

"नगरला जायचंय?"

तिनं मान हलवली. नाही म्हणून.

मुलगा आणि सून संध्याकाळच्या गाडीनं गेले. दलाल दहाला येणार हे तसंच राहिलं. त्याला अडवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडायला गोठ्यात गेलो. खुंटीवरचं पातळ काढलं. पेंडीचा वास, शेणाचा, आणि तिच्या मशेरीचा. ती मशेरी लावून धारंला बसायची. मी आजूबाजूला बघितलं, रस्त्यावर कोणी नव्हतं. असतं तरी काय. पातळ डोक्यावरून घेतलं, अंगाभोवती गुंडाळलं. पारडाला पाजायला सोडलं, मग ओढून बाजूला बांधलं. ते माझ्याशी झगडलं. बादली गुडघ्यांत धरून बसलो. गुडघे बोंबलले.

म्हैस आखडली. मी हात लावला नाही. ती काय बोलायची ते आठवलं. म्हशीशी ती माझ्याशी बोलायची त्यापेक्षा गोड बोलायची. "हो बये, हो. कुटं चाललीस, हो." मी तसं म्हणलं. माझा आवाज घोगरा, मलाच लाज वाटली. म्हशीनं मान वळवली आणि पदर हुंगला. बराच वेळ हुंगत राहिली. मी परत म्हणलं. मग तिचं अंग सैल पडलं आणि सड भरून आले.

पहिली धार बादलीवर वाजली तेव्हा मी थांबलोच. मग लागलो. बोटं विसरली नव्हती, पण दमली लवकर. अर्ध्यात मनगट धरलं. थांबून थांबून काढत राहिलो.

पोर दप्तर अडकवून दारात आली. सातची गाडी होती. माझ्याकडं बघून उभीच राहिली.

"बगतीस काय? पदर गव्हाणीत गेलाय. वर घे."

तिनं पदर झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. म्हणाली, "आबा, पदर डाव्या खांद्यावर आसतो."

"म्हशीला कळतंय का डावा-उजवा? जा, गाडी जाईल."

ती गेली. मी दूध डेअरीवर घालून आलो. भावजयीच्या हातून निघत होतं त्याच्या चौपट भरलं. ती असताना भरायचं तेवढं नाही. दलाल दहाला आला, टेम्पो घेऊनच. मी म्हणलं, इकायची न्हाई. तो म्हणाला, "तुमच्या पोराशी बोलनं झालंय."

"म्हैस पोराची न्हाई."

"मग मालकिनीला बोलवा, त्यांच्याशीच बोलतो." त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो टोपी काढून उभा राहिला, मग म्हणाला, "बरं, येतो," आणि टेम्पो वळवून गेला.

पहिल्या हप्त्याला कांदा विकायचा, पुढच्यांना दूध साठवायचं, असं मी ठरवलं. भाव मिळेल न मिळेल. तीन हप्त्यांनंतर तिसरं वर्ष आहे, मग चौथं, आणि फी वाढतच जाणार. कोणी भरायला पाहिजे ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मग चाळीत जाऊन बसलो, माझ्याच जागेवर. समोर तिच्या बसायच्या ठिकाणी गोणपाट तसंच पडलेलं होतं. ढिगातला एक कांदा उचलला. त्याची एकच पाकळी गेली होती. फेकायला हात मागं नेला आणि थांबलो. तो मी उजवीकडं टाकला, भाजीला.